गेलेल्यांची वही

पूर्वजांचा शोध घेण्याची एक नवी हौस अलीकडे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत शिरली आहे. पुण्या-मुंबईत स्थिरावलेली, शिकलेली, हाताशी चार पैसे असलेली पिढी वंशवेल काढू लागली आहे. कुणी गोव्याकडे बोट दाखवतो, कुणी वसईकडे, तर कुणाच्या घरात खापरपणजोबा बोटीने आफ्रिकेला गेल्याची दंतकथा चालत आलेली असते. मग जुन्या जहाजांच्या याद्या धुंडाळल्या जातात, परदेशी दप्तरखान्यांना पत्रे जातात आणि एखादे अर्धवट जुळणारे नाव सापडले की घरात सण साजरा होतो. ही हौस वाईट नाही. आपण कोणाचे, कोठून आलो हे विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. माझा आक्षेप हौसेमागच्या गृहितकाला आहे. समुद्र ओलांडून गेलेला पूर्वज शोधण्याच्या योग्यतेचा आणि पाटोद्याहून बैलगाडीत बसून कृष्णाकाठच्या कारखान्यावर गेलेला आजोबा मात्र त्या योग्यतेचा नाही, असे हे गृहीतक आहे. आपल्या धर्मग्रामांनीही ते न बोलता मान्य केले आहे, आणि त्याचे परिणाम आजची जिवंत माणसे भोगत आहेत.

प्रथम समुद्रापलीकडची गोष्ट पाहू, कारण तिच्यात आपल्याला लाज वाटावी असे बरेच आहे.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपत असतानाच मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजुरांची टंचाई भासू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून हा ओघ वाहत राहिला. मुंबईचा वाटा इतर दोन बंदरांच्या मानाने लहान होता. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, त्याचे पूर्वज बहुतांशी कोकणातून या वाटेने गेले. १८६० साली 'ट्रुरो' जहाजाने मद्रासहून नाताळला पहिली तुकडी नेली. १८७३ साली 'लाला रूख' सुरिनामला पोहोचले, तर १८७९ पासून फिजीची वाहतूक सुरू झाली. मॉरिशसला साडेचार लाखांवर, नाताळला दीड लाखावर, फिजीला साठ हजारांवर आणि सुरिनामला चौतीस हजारांवर माणसे गेली. करारनाम्याला ते 'गिरमिट' म्हणत आणि स्वतःला गिरमिटिये.

या माणसांचे हाल सर्वश्रुत आहेत. नामदार गोखल्यांनी १९१२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांपुढे तो पडला. परंतु चळवळ थांबली नाही आणि १९१७ मध्ये नवी भरती थांबली. चार्ल्स अँड्र्यूज या ख्रिस्ती धर्मसेवकाने फिजीत जाऊन तेथील वस्त्यांची दैना जगापुढे मांडली, हेही आपल्या वाचकांनी विसरू नये.

पण या हालअपेष्टांच्या व्यवहारात एक गोष्ट चोख होती. ती म्हणजे लेखन. बंदर सोडण्यापूर्वी प्रत्येकाचा परवाना तयार होई. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, लिंग, जात, जिल्हा, ठाणे, गाव, मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव, उंची आणि अंगावरची खूण लिहिलेली असे. मॉरिशसमध्ये उतरल्यावर प्रत्येकाला क्रमांक मिळे. पुढील लग्न, मालकबदल, परतीचा प्रवास, मृत्यू हे सारे त्या क्रमांकाला जोडले जाई. १८६० च्या दशकापासून तर छायाचित्रेही काढली गेली. ही दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. युनेस्कोने ती २०१५ साली जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत घेतली. ज्या घाटावर हे मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ सालीच जागतिक वारसा ठरला होता. परिणाम असा की पोर्ट लुईचा एखादा दुकानदार किंवा शिक्षक आपल्या पणजोबाचा क्रमांक घेऊन मोक्याला जातो, जहाजाचे नाव व गावाचे नाव मिळवतो आणि विमानाने भारतात येऊन त्या गावच्या पारावर उभा राहतो. दीडशे वर्षांपूर्वी तुटलेला धागा त्याच्या हाती येतो.

हे कोणाच्या करुणेने घडले असे कोणी समजू नये. मळेवाल्याने माणसामागे पैसा मोजला होता. ज्या मालावर पैसा मोजला त्याची नोंद ठेवणे हा व्यापाराचा नियम आहे. पळाला तर ओळखता यावा म्हणून अंगावरचा व्रण लिहिला गेला. वारस कोण हे दयेपोटी विचारले गेले नाही. सरकारी दप्तराला चौकशीचे उत्तर द्यावे लागे म्हणून विचारले गेले. ती वही मालकाची होती. तरीही तिच्यात एवढे होते की माणूस एकटा, स्वतःच्या नावाने मोजला जाई. बाईलासुद्धा स्वतंत्र क्रमांक होता.

आता बीडकडे वळू.

दसरा उलटला की आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतून टोळ्या निघतात. पूर्वी बैलगाड्या निघत, आता ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. पश्चिम महाराष्ट्राचे कारखाने, सीमेपलीकडचे बेळगाव-बागलकोट, काही जण थेट गुजरातपर्यंत. दर वर्षी काही लाख माणसे जिल्हा सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. परततात ती सगळीच नव्हेत. या एवढ्या मोठ्या निर्गमनाची वही कोणाकडे आहे? मुकादमाकडे. तिच्यात काय लिहिलेले असते? उचल किती, खाडे किती, फिटले किती, अंगावर बाकी किती. आणि माणूस कसा मोजला जातो? 'कोयता' म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. कोयत्याला नाव असते ते नवऱ्याचे. पहाटे तीनला उठून फडात मोळ्या बांधणारी, डोक्यावरून त्या गाडीत चढवणारी, कोपीत येऊन भाकरी थापणारी बाई त्या वहीत अर्ध्या कोयत्याची अर्धी ओळसुद्धा नसते. सोबतची लेकरे तर वहीच्या बाहेरच असतात.

मळेवाल्याला दुष्ट म्हणणाऱ्या आपल्या पिढीने एवढे तरी पाहावे की दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या दुष्टाने जे लिहिले तेवढेही आपल्या डोळ्यांसमोर आज लिहिले जात नाही.

कायदे नव्हते असे नाही. परप्रांतात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने प्रत्येकाची माहिती दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना कळवावी आणि मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, अशी तरतूद १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात केली होती. बीडच्या किती मजुरांनी ते पासबुक पाहिले, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारावे. २०२० च्या टाळेबंदीत देशभर माणसे पायी घराकडे निघाली, वाटेत मेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला तेव्हा अशा मृत्यूंची माहिती ठेवलेली नाही असे उत्तर केंद्रीय श्रम मंत्रालयाने दिले. ऊसतोड कामगारांची ग्रामपंचायतीमार्फत नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत असे राज्य शासनाने पुढे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. पण ओळखपत्र हे सांगते की हा मनुष्य ऊसतोड कामगार आहे. तो या हंगामात कोठे गेला, कोणाबरोबर गेला, परत आला की नाही, हे ते सांगत नाही.

बीडच्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा शासनाच्या समितीपुढे ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. हा आकडा देशाला कळला तो पाहणी झाली म्हणून, एकेका बाईला विचारले म्हणून. तोवर ती वेदना प्रत्येक कोपीत होती आणि वहीत कोठेच नव्हती.

मृत्यूचे तर आणखी विचित्र आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडतो तेथेच त्याची नोंद व्हायची. शिरूर कासारचा मनुष्य बागलकोटजवळच्या फडात साप चावून मेला तर त्याचा दाखला बागलकोटकडच्या निबंधकाकडे, कानडीतून. टोळी पुढच्या फडाला गेलेली, विधवा ट्रकने गावी आणलेली, हंगाम संपलेला. वारसाच्या नोंदीसाठी, विम्यासाठी, निराधार योजनेसाठी दाखला हवा म्हणून ती बाई कोणाला विचारणार? कोणत्या गावी तो गेला होता एवढेसुद्धा काही वर्षांनी घरात धड कोणाला आठवत नाही. मोक्याच्या दप्तरात १८५० च्या मजुराचा मृत्यू सापडतो. आपल्या धर्मग्रामातल्या १९९० च्या मजुराचा सापडत नाही. अशी घरे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

येथे कोणी म्हणेल, हे सरकारचे काम, ख्रिस्तसभेचा यात काय संबंध? संबंध फार जुना आहे. किंबहुना सामान्य माणसाची वही युरोपात प्रथम नियमाने ठेवली ती ख्रिस्तसभेने. ट्रेंटच्या विश्वसभेने १५६३ साली विवाहाची नोंदवही प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या सांगितल्या: बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाची, मृतांची, आणि पाचवी, जिला लॅटिनमध्ये 'आत्म्यांच्या स्थितीची वही' म्हणत. या पाचव्या वहीत धर्मगुरू घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील माणसे, त्यांची वये, कोण घरी, कोण बाहेरगावी हे लिहीत असे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत ती वही होती. १९८३ च्या संहितेने बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या तीन वह्या नावानिशी ठेवल्या आणि बाकीच्या वह्यांचा निर्णय धर्माध्यक्ष-मंडळावर व महागुरुस्वामींवर सोपवला. म्हणजे ती पाचवी वही कोणी निषिद्ध केलेली नाही. ज्या धर्मग्रामातले अर्धे लोक वर्षातले सहा महिने बाहेर असतात तेथे ती हवी की नको, एवढाच प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे 'नको' असे उत्तर देणाऱ्याने निदान कारण तरी सांगावे.

बाप्तिस्म्याच्या वहीबद्दल आपल्या लोकांत जो गैरसमज आहे तोही येथे दूर केला पाहिजे. ती एकदा लिहून मिटून ठेवायची वही नाही. १९०८ पासून विवाह झाला की त्याची सूचना बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला पाठवायची आणि तेथे त्या नावाच्या बाजूला समासात टीप लिहायची, अशी रीत आहे. नियम नीट पाळला तर माणूस कोठेही गेला तरी त्याची पावले बाप्तिस्म्याच्या ओळीशी परत येतात. गिरमिटियाच्या क्रमांकाने जे साधले तेच आपल्या समासाने साधावयाचे होते, आणि तेही मालकाच्या लोभापायी नव्हे. प्रत्यक्षात आपल्या किती वह्यांचे समास भरलेले आहेत? फडावर जन्मलेल्या लेकराचा बाप्तिस्मा कधी नगरकडच्या धर्मग्रामात होतो, कधी सांगलीकडे, कधी दोन वर्षांनी गावी परतल्यावर. एका आईची चार लेकरे तीन जिल्ह्यांच्या तीन वह्यांत विखुरलेली असतात, आणि एक कोठेच नसते.

त्यात आमच्या भागाचा इतिहासच विखुरलेला. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'भीर', अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद. महसुली दप्तर उर्दूत, गावचे जुने कागद मोडीत. ख्रिस्तसभेच्या सीमाही बदलत गेल्या: औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला, त्यापूर्वी हा मुलूख अमरावतीकडे, १९५५ पूर्वी नागपूरकडे. आणि आष्टी-पाटोद्याची सोयरीक मुळातच नगरशी. तेथे जेझुइट धर्मगुरूंनी १८७८ पासून काम उभारले, तो भाग पुणे धर्मप्रांतात होता आणि १९८७ पासून नाशिकच्या धर्मप्रांतात आहे. तेव्हा आजोबांचा बाप्तिस्मा शोधायचा तर चार धर्मप्रांतांची दारे ठोठवावी लागतात. याला दंतकथा चालत नाही. कोणते कुटुंब, कोणत्या साली, कोणत्या वाटेने गेले हे माहीत असावे लागते. आणि नेमके तेच आपण लिहिले नाही.

ज्यांचे लिहिले गेले ते कोण हेही पाहण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले; वाटेतले वारे, मासे, आजार यांचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवले आणि ते पत्र आजही वाचायला मिळते. परदेशी धर्मगुरूंचे येणे-जाणे त्यांच्या संघांच्या दप्तरांत टिपलेले असते. त्याबद्दल तक्रार नाही. क्रिस्तपुराणाच्या कर्त्याची तारीख कळते याचा आनंदच आहे. पण नगरच्या वाटेने पायी चालत येऊन बीडच्या वस्त्यांत प्रार्थना शिकवणारे जे आपले कॅटेकिस्ट मास्तर होते, ज्यांच्या तोंडून आपल्या आज्यांनी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पाठ केले, ते कोणत्या साली आले, कोणत्या गावचे, कोठे वारले? त्यांच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत आहेत? माळवदाच्या घरातल्या ट्रंकेची आणि वाळवीची गाठ किती दिवसांची, हे बीडकराला सांगायला नको.

जुन्या कागदाची किंमतही त्याला आता सांगावी लागत नाही. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी तहसिलांतले, शाळांतले, कारागृहांतले जुने दप्तर उघडले गेले, उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधून आणली गेली. त्या आंदोलनाच्या बाजू-प्रतिबाजूंत मी येथे शिरत नाही. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द पणतूचे शिक्षण ठरवू शकतो, हे त्या निमित्ताने गावोगावच्या चहाच्या टपरीवर कळले. मग आपल्याच घरात ही जाणीव का शिरत नाही?

का शिरत नाही याचे खरे कारण मी जाणतो, आणि ते टाळून हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या लोकांना वहीची भीती वाटते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. बाप्तिस्मा घेतल्याने वस्ती बदलली नाही, पाणवठा बदलला नाही, कोयता हातातून सुटला नाही. फक्त सवलत गेली. त्यामुळे शाळेत एक नाव आणि मंदिरात एक नाव असे दुहेरी आयुष्य कित्येक घरांना जगावे लागते. अशा माणसाला 'या, वहीत नाव लिहा' म्हटले की तो मागे सरतो. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या देशात नोंद म्हणजे शिक्षा ठरू शकते तेथे न लिहिले जाणे हेही स्वसंरक्षण असते. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली तेव्हा देशावर मरी आली, असे शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मोजणारा कोण आणि कशासाठी मोजतो, ही शंका पवित्र शास्त्राइतकीच जुनी आहे.

परंतु या भीतीचे उत्तर वही न ठेवणे हे नव्हे. वही कशी ठेवावी, हे ठरवणे हे आहे. मी सुचवतो ती निर्गमनाची वही बाप्तिस्म्याच्या वहीहून अगदी वेगळी असावी. तिच्यात धर्माचा रकाना नसावा, जातीचा तर मुळीच नसावा. मळेवाल्याच्या परवान्यातला तो एक रकाना आपण मळेवाल्यालाच परत करू. आणि ती केवळ आपल्या लोकांपुरती नसावी. टोळी कधी एका धर्माची नसते. एकाच ट्रकमध्ये वंजारी, मराठा, बौद्ध, मुसलमान, मातंग आणि आपले लोक असतात. ज्याला लिहायचे त्याने येऊन लिहावे, मग तो कोणीही असो. म्हणजे त्या वहीत नाव असणे हा कोणाच्याही धर्माचा पुरावा होणार नाही. तो फक्त इतकाच पुरावा होईल की हा मनुष्य या दिवशी या गावाहून निघाला.

दुसरा आक्षेप धार्मिक भाषेत येतो आणि म्हणून अधिक फसवा असतो. आपण या जगात यात्रेकरू, आपले नाव स्वर्गाच्या पुस्तकात लिहिलेले आहे, मग या वंशावळ्यांची उठाठेव कशाला? संत पौलाने तीमथ्याला व तीताला वंशावळ्यांच्या वादांपासून दूर राहण्यास सांगितलेच आहे की! होय, सांगितले आहे. पौलाचा रोख निरर्थक वादांवर होता; थोर कुळाचा डौल मिरवण्यावर तो लागू करायचा तर जरूर करा, आपल्या नव्या वंशवेलींच्या हौसेवर करा. पण माणसांची नावे लिहू नका असे तो सांगत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडून पाहा, ओळीमागून ओळ नावेच आहेत, आणि त्यांत कष्ट करणाऱ्या स्त्रियांची नावे आवर्जून आहेत. इस्राएल लोक मिसरातून निघाल्यावर कोठून कोठे मुक्काम करीत गेले हे मोशेने लिहून ठेवले. गणना या पुस्तकाचा तेहेतिसावा अध्याय म्हणजे दुसरे काय, मुक्कामांची वहीच. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची यादी एज्राने दिली तीत मंडळी ४२,३६०, गायक आणि गायिका दोनशे, आणि गाढवेसुद्धा ६,७२०. आमच्या वाडीवरून गेलेल्या बैलांची खरेदीपावती सापडते, बाईचे नाव सापडत नाही. त्याच अध्यायात अशा काही याजकांचा उल्लेख आहे की ज्यांना आपली नोंद सापडली नाही आणि म्हणून ज्यांना याजकपद नाकारले गेले. नोंद नसण्याची किंमत गरिबाने कशी मोजावी लागते हे शास्त्राला माहीत होते. आणि योसेफ गर्भवती मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला तो तरी कशासाठी? नाव लिहून देण्यासाठीच. आपण दर नाताळला हे ऐकतो आणि गाईगोठ्याची आरास करतो. पण ज्यांच्या बायका खरोखरच कोपीत बाळंत होतात त्यांची यादी आपल्या मंदिरात नसते.

तिसरा आक्षेप धर्मगुरूंचा: आम्हाला वेळ कोठे आहे? शाळा, वसतिगृह, इमारती, परवाने. हे खरे आहे, आणि मी त्यांच्यावर हे ओझे टाकतही नाही. हे काम धर्मग्राम परिषदेचे, महिला मंडळाचे, दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींचे आहे. एक जाड बांधणीची वही, निळ्या शाईचे पेन आणि दसऱ्यापूर्वीचे दोन रविवार एवढाच तिचा खर्च. ज्या मुलांचे आईबाप कारखान्यावर जाणार असतात आणि जी स्वतः वसतिगृहात राहणार असतात, त्यांच्याच हाताने हे लिहिले गेले तर अधिक चांगले. आईच्या नावाचे शुद्धलेखन दुसरा कोण इतक्या काळजीने करील?

काय लिहावे? मिळेल तेवढे, पण काही गोष्टी सोडू नयेत. प्रत्येक माणूस स्वतंत्र ओळीत, कोयता म्हणून नव्हे. बाईचे नाव तिच्या माहेरच्या गावासह. सोबत नेलेल्या लेकरांची नावे आणि वये, पोटात असलेल्याची निदान खूण. मुकादमाचे नाव व गाव, कारखान्याचे नाव, तो कोणत्या तालुक्यात, निघण्याची तारीख. मागे कोण राहिले आणि त्याचा फोन. आणि उजवीकडे एक मोकळा रकाना, परतल्याची तारीख लिहिण्यासाठी. पाडवा उलटल्यावर तो रकाना ज्यांच्या समोर रिकामा राहील त्यांच्याबद्दल चौकशी सुरू करता येईल: फोन करता येईल, कारखान्याच्या जवळच्या धर्मग्रामाला पत्र घालता येईल, दाखल्यासाठी नेमक्या कोणत्या निबंधकाकडे जायचे हे सांगता येईल. अडकवून ठेवलेल्या टोळ्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या कळेपर्यंत महिने जातात ते कोण कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते म्हणून.

वही कोणाला दाखवावी यावर कडक नियम असावा. ती मुकादमाला नाही, पुढाऱ्याला नाही, निवडणुकीत तर कुणालाच नाही. व्हॅटिकनने २००८ साली धर्मग्रामांच्या वह्या बाहेरच्या वंशावळी-संस्थांना छायाचित्रणासाठी देऊ नयेत असे महागुरुस्वामींना कळवले होते. तो सावधपणा येथेही हवा. ज्याची ओळ त्याला, किंवा त्याच्या वारसाला, मागितल्यास प्रत द्यावी, तीही फुकट. दर पाच वर्षांनी वहीची एक छायाप्रत धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात जावी. ख्रिस्तसभेच्या दप्तरखान्यांचे कार्य हे प्रेषितीय कार्य आहे या अर्थाचे परिपत्रक रोमहून १९९७ सालीच निघाले आहे. आपल्याकडे त्याची आठवण बहुधा गळके छप्पर दुरुस्त करताना कपाट हलवावे लागते तेव्हा होते.

ज्यांना मागचा शोध घ्यायचा आहे त्यांनाही काम पुष्कळ आहे. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला मराठवाड्यातून आपली माणसे जातात. हरेगाव हे साखर कारखान्याचे गाव. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्या बाजूच्या उसात राबून गेले. यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तेथे भेटणाऱ्या जुन्या नातलगांना बसवून दोन प्रश्न विचारावेत, तुम्ही कोणत्या साली आलात आणि गावाहून कोणाबरोबर निघालात, आणि उत्तर तेथल्या तेथे लिहून घ्यावे. साल आठवणार नाही. पण बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, थोरली पोरगी अंगावर पीत होती की चालत होती, हे म्हातारीला अचूक आठवते. मोक्याच्या दप्तरात असा तपशील नाही. म्हाताऱ्या जाईपर्यंतच तो मिळणार आहे.

या वर्षीचा दसरा ज्या आठवड्यात येतो त्याच्या आधीच्या दोन रविवारी, मिस्सा संपल्यावर, मंदिराच्या दाराशी एक टेबल मांडावे. टोळ्या त्यानंतर लगेच निघतात, आणि ट्रक भरले की नाव विचारायला कोणी सापडत नाही.